तुतनखामेनची गुलाबी हिरडी

कवळ्या दाबायच्या शिकंज्याचा दांडा मास्तरांनी उलटा फिरवला, झाकण उचललं, टिपकागद अलगद सोलून काढला आणि होते तिथेच थिजले. तुतनखामेनला हिरडी आली होती. गुलाबी, ओलसर चकाकीची, अगदी खरी वाटावी अशी. ओठांच्या खालून सुरू होऊन थेट गळ्यापर्यंत पसरलेली. उभा जन्म मास्तर माणसांना हिरड्या बसवत आले होते, पण तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी वारलेल्या राजाला, तेही त्याने माप दिलेलं नसताना, हे पहिल्यांदाच.

नोट इजिप्तची, एक पाउंडाची, जुनी. स्वतःची असती तर मास्तर एक वेळ जेवले नसते आणि विषय संपला असता. पण ती होती मेट्रनबाईंची. या बाई कधीकाळी मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. त्या वॉर्डात शिरल्या की बेशुद्ध पेशंटसुद्धा सरळ होऊन झोपायचे, असं म्हणतात. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी त्यांच्यासमोर माणसं आपोआप शर्टाचं वरचं बटण लावत. शिवाय त्या डॉक्टरांच्या सासूबाई. आणि डॉक्टर म्हणजे ज्यांच्या दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत मास्तर कवळ्या बनवतात, ते. एकूण काय, बिघडवायला मास्तरांनी वस्तू निवडून काढली होती.

चूक सर्वस्वी त्यांचीच. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. बाई मेणाच्या दातांची ट्रायल द्यायला आल्या होत्या, आणि जाता जाता मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

“मास्तर, तुम्हाला म्हणे त्या इजिप्तच्या नोटांचं वेड आहे?”

“वेड असं नाही बाई. जरा आवड.”

“जावई म्हणाले, वेड. बरं, ही बघा.” त्यांनी चष्म्याच्या घरातून एक चौघडी काढली. “आमचे हे जहाजावर इंजिनखोलीत होते. तिकडच्या कालव्यातून जायचे. एकदा येताना ही आणली, म्हणाले ठेव. मी ठेवली. आता मला सांगा, ही बाई कोण?”

“बाई नाही, बाई. म्हणजे, हा राजा आहे. तुतनखामेन. त्याच्या सोन्याच्या मुखवट्याचं चित्र आहे.”

“राजा?” मेट्रनबाईंनी नोट हातभर लांब धरली. “काजळ तर किती घातलंय. इतकी वर्षं मी समजत होते, यांची कुणीतरी ओळखीची असेल.”

मग मास्तर खुलले. असे ते वर्षातून एखाद्या वेळीच खुलत. आधीच्या नोटांवर तिथल्या हयात राजाचा फोटो होता; त्या राजाला लोकांनी गादीवरून हाकललं, आणि नोटेवर हा मेलेला राजा परत कामावर घेतला, असं त्यांनी सांगितलं. परत, कारण तो त्याच्याही आधीच्या नोटांवर होताच. या बाजूला अरबी, मागे इंग्रजी. आणि उजेडासमोर धरली की मोकळ्या जागेत स्फिंक्स दिसतो, तो शाईने छापलेला नाही, कागदातच आहे. बाईंनी नोट खिडकीकडे धरली, स्फिंक्स पाहिला आणि “अगं बाई” म्हणाल्या. मेट्रनबाईंच्या तोंडून “अगं बाई” ऐकलेला मास्तर हा बहुधा एकमेव पुरुष.

“राहू दे तुमच्याकडे गुरुवारपर्यंत,” त्या म्हणाल्या. “नीट भिंगातून बघा. दातांबरोबर परत घेईन. दोन्ही वस्तू माझ्या आहेत, लक्षात असू द्या.”

मास्तरांच्या लक्षात होतं. तेच तर दुखणं. बाई गेल्यावर त्यांनी भिंग लावलं, आणि त्यांना राजा दिसेना, नुसत्या घड्या दिसायला लागल्या. एक उभी, एक आडवी, बरोबर मधोमध. इतक्या छान चेहऱ्याच्या इतक्या जवळून आठी जावी हे त्यांना बघवेना. दुसऱ्याच्या नोटेला पाणी लावायचं नाही, इस्त्री लावायची नाही, दाबायची नाही, हे त्यांच्या नोटावाल्या मंडळीत नवख्याला पहिल्या दिवशी सांगतात, आणि सांगणाऱ्यांत मास्तरांचाच आवाज मोठा. पण ज्याचा हात दिवसभर शिकंजा पिळतो त्याला प्रत्येक वाकड्या वस्तूवर तोच उपाय सुचतो. कवळीचा साचा पितळी डब्यात भरायचा, डबा शिकंज्यात घालायचा, पिळायचा. मास्तरांचं सगळं आयुष्य या पिळण्यात गेलेलं. त्यांनी नोटेला वाफेचा नुसता हात दाखवला, दोन टिपकागदांत ठेवली, दोन सपाट झाकणांमध्ये घातली आणि पिळलं. झाकणं नुकतीच उकळत्या पाण्यातून काढलेली होती. खालच्या झाकणाला कवळीच्या गुलाबी मेणाचा पापुद्रा चिकटलेला होता. तो वितळला, टिपकागदाने तो इमानेइतबारे टिपला, आणि तितक्याच इमानाने राजाला दिला.

मास्तर हा माणूस मुळातच घाबरट. हे त्यांच्या तोंडावर म्हटलं तरी चालतं, तेही मान हलवतात. त्यांना लिफ्टची भीती वाटे, जिन्याची वाटे, म्हणून त्यांनी तळमजल्यावर घर घेतलं. मग चोरांची वाटायला लागली. फोन वाजला की कोण गेलं, हा त्यांचा पहिला प्रश्न. डॉक्टर नुसते खोकले तरी यांच्या हातातली सुरी प्लास्टरमध्ये पडायची. मास्तर त्यांना सगळेच म्हणत. शाळेत त्यांनी एक तासही घेतलेला नव्हता, पण खडूसारखं पांढरं पीठ कायम अंगावर असायचं. ते प्लास्टरचं.

असा माणूस परदेशाच्या नोटा गोळा करतो म्हटल्यावर लोक हसत. पण भित्र्या माणसाला परदेश हवाच असतो, फक्त तो टेबलावर मावणारा हवा. सुरुवात झाली जुन्या तिकिटांच्या दुकानदारापासून. त्याची तुटलेली कवळी मास्तरांनी सांधून दिली, त्याने खुशीने राणीचं चित्र असलेली एक छोटी नोट दिली. घरी येऊन बघतात तर कोपऱ्यात शून्य. शून्याची नोट! आपल्याला कुणीतरी खोट्या नोटांच्या लफड्यात अडकवलं, या भीतीने मास्तरांनी ती दोन दिवस तांदळाच्या डब्यात लपवली. मग कळलं, अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा काढतात, आणि त्यांचा शून्य म्हणजे नुसता ठिपका. पाच पियास्तरांची नोट होती. शंभर पियास्तरांचा एक पाउंड. इतकं कळल्यावर पुढचं कळल्याशिवाय राहवेना. कुठल्या नोटेवर उंट आहे, कुठलीवर पिरॅमिड. नंतरच्या नोटांवर अरबीच्या बाजूला मशीद आणि पाठीमागे फराओ असा समजूतदार संसार कसा मांडलाय. गव्हर्नर बदलला की सही कशी बदलते. नोट बघताना मास्तरांची नजर पहिल्यांदा तोंडावर जाई. सवयच ती. आणि फराओंचे ओठ मिटलेले. मास्तरांना हे फार आवडायचं. राजा आहे, पण तोंड उघडत नाही. असे लोक त्यांच्या आयुष्यात फार थोडे होते.

भीतीचं खरं कारण मात्र वेगळंच होतं. मास्तरांच्या आधी त्या खोलीत एक कारागीर होता. हात सोन्यासारखा, आणि सोन्याकडेच जाणारा. एका पेशंटच्या दाताची सोन्याची टोपी दुरुस्तीला आली, ती त्याने ठेवून घेतली आणि हुबेहूब पितळेची करून दिली. तो त्याच दिवशी गेला, आणि पुढे गावभर कुठल्याच दवाखान्यात त्याला कुणी दारात उभं केलं नाही. मास्तर कामावर आले तेव्हा डॉक्टरांनी सोन्याच्या खणाची किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, “मास्तर, काम हळू झालं चालेल, दुसऱ्यांदा करावं लागलं चालेल. पण वस्तू इकडची तिकडे झालेली चालणार नाही.” ती किल्ली मास्तरांच्या कमरेला होती. अंघोळीलासुद्धा.

आता गुलाबी नोट पाकिटात घालून ते घरी आले तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. बाई डॉक्टरांना सांगणार, डॉक्टर खोकणार, आणि या वयात दुसरीकडे कोण घेणार?

मेण काढायचे उपाय त्यांना माहीत नव्हते असं नाही. गरम इस्त्रीने मेण निघेल, पण उरलासुरला कागदाचा कणा मोडेल. पेट्रोलने निघेल, पण मेणाबरोबर राजाही निघेल. तसंच ठेवावं तर डाग दिवसेंदिवस पसरेल, असं त्यांना वाटे. दर तासाला उठून ते भिंगातून बघत आणि प्रत्येक वेळी तो पसरलेलाच दिसे. उजेडासमोर धरलं की डागाची जागा तेलकट कागदासारखी आरपार दिसायची. दाबल्यामुळे शाईचा बोटांना लागणारा उंचवटाही गेला होता. डोळे मिटून हात फिरवला तर कॅलेंडरचा कागद.

रविवारी दुपारी बायकोने विचारलंच. “अहो, कुणाचा खून करून आलात का? दोन दिवस नुसते दाराकडे बघताय.”

मास्तरांनी नोट दाखवली. बायकोने बघितली. तिचे ओठ थरथरले. मास्तरांना वाटलं रडतेय.

“हसू नकोस.”

“हसत नाहीये. छान रंग जमलाय. माझ्या आईच्या कवळीला का नाही दिलात असा?”

“नोकरी जाईल माझी.”

“मेण सांडलं म्हणून? सांगून टाका की.”

“तुला त्या बाई माहीत नाहीत.”

“मग तुमच्याकडे तशीच एक आहे ना? जिच्याजवळ मला श्वाससुद्धा घेऊ देत नाही, ती. ती द्या आणि सुटा.”

ती हे चिडवायला म्हणाली होती. पण मास्तर उठून कपाटाकडे निघालेले पाहिल्यावर तिचं हसू मावळलं. “अहो, मी गंमत केली.”

अल्बममध्ये, मधल्या पानावर ती होती. तोच एक पाउंड, तोच राजा, तीच सही; पण छापखान्यातून निघाल्यापासून बहुधा कुणाच्या खिशात गेलेली नाही अशी. कोपरे सुरीसारखे. बोटाने अलगद टिचकी मारली की पत्र्यासारखी वाजणारी. ही मिळवायला मास्तरांनी बाकीच्या नोटांचं अख्खं पुडकं दिलं होतं, आणि ती मिळाल्यापासून त्यांच्या मंडळीतले लोक त्यांना आधी नमस्कार करायचे.

“ही कोरी आहे,” मास्तर म्हणाले. “बाईंच्या नोटेला दोन घड्या होत्या.”

“मग?”

“मग हिलाही घालाव्या लागतील.”

बायकोच्याने राहवेना. “घाला. इतक्या वर्षांत टॉवेलाची घातली नाहीत, निदान हिची तरी घाला.”

त्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. टेबलावर पांढरं फडकं अंथरलं, कवळीचं मेण कापायच्या आधी अंथरतात तसं. नोट दुमडली, पण घडीवर बोट दाबवेना. श्वास रोखून दाबलं. कागद कर्र वाजला. मास्तरांच्या पाठीतून तो आवाज खालपर्यंत गेला. दुसरी घडी घातली. उघडून उजेडासमोर धरली, तर घडी नेमकी स्फिंक्सच्या तोंडावरून गेलेली. नाक त्याचं तसंही शाबूत नव्हतं, पण मास्तरांना वाटलं हेही आपणच केलं. घड्या नव्या पांढऱ्या दिसत होत्या, म्हणून त्यांनी नोट पँटवर घासली, उशीखाली ठेवली, मग मागच्या खिशात घालून तिच्यावर बसले. सोमवारी बसले, मंगळवारी बसले. बायको कुणी आलं की म्हणे, “त्यांना उठवू नका, काम चालू आहे.”

आपण काय करतोय हे मास्तरांना कळत नव्हतं अशातला भाग नाही. चांगली ठेवून घेऊन वाईट देणं ही चोरी, मग वाईट ठेवून घेऊन चांगली देणं ही काय? याचं उत्तर ते स्वतःला देत, आणि दर वेळी त्यांना खोलीच्या कोपऱ्यात तो आधीचा कारागीर उभा दिसे, हातात पितळेची टोपी घेऊन. वस्तू इकडची तिकडे. डॉक्टरांनी चांगली-वाईट असं काही म्हटलं नव्हतं.

गुरुवार उजाडला. मास्तरांनी बाईंचे दात पाण्याच्या वाटीत ठेवले. काम इतकं सुरेख झालं होतं की भीती वाटावी. हिरडीला नैसर्गिक रेघा, दातांना किंचित पिवळट झाक. वाटीच्या तळातून ते दात त्यांच्याकडे बघून हसत होते आणि मास्तरांना ते हसणं अजिबात आवडत नव्हतं.

बाई आल्या. खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी दात बसवले, दोन्हीकडे कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या. “आई, आता दाबून धरायचं. मी सांगेपर्यंत बोलायचं नाही.” जावयाला हे वाक्य म्हणायची संधी आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली असावी, त्यांनी ते दोनदा म्हटलं.

मेट्रनबाईंनी मान हलवली आणि मास्तरांपुढे तळहात पसरला.

मास्तरांनी खिशातून नोट काढून त्यावर ठेवली. बाईंनी ती लगेच उघडली नाही. चिमटीत धरून जराशी हलवली. मग उघडली. राजाकडे बघितलंही नाही. घडीवरून अंगठा फिरवला, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग नोट कानाशी नेऊन टिचकी मारली. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि वरच राहिल्या.

“काय मास्तर,” डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, “कधीची निघाली नोट?”

“बावन्न सालानंतरची, साहेब.” आवाज कुणा दुसऱ्याचाच आला.

“म्हणजे आईंच्या लग्नाच्या सुमाराची.”

बाई बोलू शकत नव्हत्या. त्या नुसत्या मास्तरांकडे बघत होत्या. तोंड मिटलेलं, नजर स्थिर. तोंड न उघडणाऱ्या माणसांबद्दलचं मास्तरांचं प्रेम त्या दोन-चार मिनिटांत साफ आटलं. कपाळावरून घामाची धार निघून प्लास्टरच्या पिठात गेली ती तिथेच घट्ट होतेय असं त्यांना वाटलं. पळावं, तर दार खुर्चीच्या पलीकडे.

डॉक्टरांनी कापूस काढला. “बोला आता. अडकतंय कुठे?”

“ही माझी नाही,” बाई म्हणाल्या.

मास्तरांनी घडवलेल्या दातांतून बाहेर पडलेलं ते पहिलं वाक्य. कुठे हवा नाही, कुठे शीळ नाही. स्वच्छ.

“काय तुमची नाही? कवळी?”

“कवळी माझीच आहे. नोट माझी नाही. माझी फडक्यासारखी मऊ होती. ही वाजते. घड्याही कालपरवाच्या आहेत.” त्यांनी नोट जावयाकडे केली. “खूपदा धुतलेली चादर आणि कपाटातून नवी काढलेली चादर मी अंधारात हात लावून सांगायचे.”

डॉक्टरांनी नळ बंद केला. “मास्तर?”

इतकंच म्हणाले. खोकलेही नाहीत. मास्तरांची दातखीळ बसली. हात मात्र आपल्या मनाने वरच्या खिशाकडे गेला, टोप्या ठेवायचं छोटं पाकीट त्याने बाहेर काढलं, आणि खरी नोट खुर्चीच्या ट्रेवर ठेवली. मग ते बोलायला लागले ते शेवटाकडून सुरुवातीकडे. आधी पँटच्या खिशाचं सांगितलं, मग घड्यांचं, मग अल्बमचं, मग टिपकागदाचं, आणि सगळ्यात शेवटी शिकंजा.

“आणि हे गुलाबी?” बाईंनी विचारलं.

“मेण, बाई. तुमच्याच हिरडीचं.”

बाईंनी एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरी अशा दोन्ही नोटा धरल्या.

“म्हणजे माझी बिघडवलीत. आणि ते कळू नये म्हणून स्वतःची धडधाकट होती, तीही बिघडवलीत.”

“हो.”

“कशाला?”

“भीती वाटली.”

“कुणाची?”

मास्तरांनी बाईंकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं, मग बेसिनकडे. “सगळ्यांचीच.”

“माझ्या वॉर्डात,” बाई सावकाश म्हणाल्या, “एखादीकडून औषध चुकलं तर मी निस्तरायचे. लपवलं, तर तिला घरी पाठवायचे.”

“आणि नंतर कबूल केलं तर?” डॉक्टरांनी विचारलं.

“तरी पाठवायचे. पण जेवू घालून.”

हे गमतीत होतं की कसं, हे मास्तरांना कळलं नाही. आजही कळलेलं नाही. बाईंनी पर्समधून पांढरा, कडक इस्त्रीचा रुमाल काढला आणि त्यांच्या अंगावर टाकला. “घाम पुसा आधी. पेशंट मी आहे.”

मग त्यांनी गुलाबी नोट होती तशी दुमडून चष्म्याच्या घरात ठेवली, दुसरी मास्तरांच्या हातात दिली. “तुमची तुमच्याकडे, माझी माझ्याकडे. हे म्हणायचे, देश दाखवीन. दाखवला नाही. निदान ही तरी जशी आहे तशी माझ्याजवळ असू दे, दुसऱ्याची नको.” दारापाशी जाऊन वळल्या. “दात चांगले झालेत. ते खोटे आहेत हे मला आधी सांगितलेलं होतं, एवढाच फरक.”

त्या गेल्यावर डॉक्टरांनी बराच वेळ रजिस्टर चाळलं. मास्तर ट्रेजवळ तसेच उभे. शेवटी डॉक्टर वर न बघता म्हणाले, “उद्यापासून सोनं मी स्वतः वजन करून देत जाईन. घेतानाही करीन. किल्ली इथे ठेवा.”

मास्तरांनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. नोकरी राहिली. घरी बायको म्हणाली, सुटलात. मास्तर हो म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या खोलीत तराजूची ताटली टेकल्याचा आवाज आला की त्यांच्या हातातली सुरी थांबते, आणि काटा स्थिर होईपर्यंत ते श्वास घेत नाहीत. काटा कधी इकडचा तिकडे झालेला नाही. तरीही.

राहिला तो रुमाल. बायकोने धुऊन, नीळ घालून, इस्त्री करून दिला, तो मास्तरांच्या खणात मेणाच्या पेटीपासून जितका लांब ठेवता येईल तितका लांब आहे. बाई मधे दोनदा येऊन गेल्या, दाढेकडे जरा टोचत होतं म्हणून. दोन्ही वेळा मास्तरांना नेमकं मागे प्लास्टर भिजवायचं होतं. परवा त्या तिसऱ्यांदा आल्या. डॉक्टरांशी काहीतरी बोलून हसल्याही. मास्तरांनी रुमाल हातात घेतला, दारापर्यंत गेले, पडद्याला हात घातला, आणि पॉलिशची मोटर चालू राहिली की काय, हे बघायला परत आले.

मोटर बंद होती. त्यांनी ती चालू केली.